काम निम्म्यावर आलंय, माणसं कशी सांभाळायची? (भोसरी, मशीन शॉप)

भोसरीचा_टर्नर | १४ सप्टेंबर २०१९, रात्री १०:४०

मंडळी, लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. परवा अनंत चतुर्दशी. गुरुवार म्हणजे आमची साप्ताहिक सुट्टी, तरी कारखान्यातल्या गणपतीच्या विसर्जनाला सगळे आले. विसर्जन झालं, प्रसाद वाटला, पण घरी कोणी जाईना. गेटपाशी घोळका करून उभे राहिले. कोणी काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. तेव्हापासून झोप लागत नाही.

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. भागीदारी फर्म, मी आणि धाकटा भाऊ. ट्रकच्या गिअरबॉक्सला आणि अ‍ॅक्सलला लागणारे बुश, पिन, स्पेसर करतो. थेट ट्रक कंपनीला नाही, तिच्या सप्लायरला देतो. संगणकावर चालणारी मशिनं: सहा सीएनसी लेथ, तीन व्हीएमसी (मिलिंगची). ३८ माणसं, त्यातली २४ कायम आणि १४ ठेकेदाराची. मागच्या सप्टेंबरात महिन्याचं शेड्यूल ६० हजार नगांचं होतं. या जुलैत ३३ हजारांवर आलं, ऑगस्टला २६ हजार. तीन पाळ्यांची दीड पाळी झाली. ओटी (ओव्हरटाईम) जूनपासून बंद. पगार महिन्याला पावणेसात लाखांच्या पुढे, व्हीएमसीचा हप्ता सव्वादोन लाख, आणि येणं ३८ लाख अडकलेलं.

मंदी का आली हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. गेल्या वर्षी जुलैत ट्रकची भारक्षमता कायद्याने वाढवली, त्यामुळे आहेत तेच ट्रक जास्त माल वाहू लागले. सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्तकंपनी बुडाली आणि फायनान्स कंपन्यांनी हात आखडले. आता १ एप्रिलपासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे नवे कडक निकष) येतंय म्हणून गिऱ्हाईक थांबून आहे. यातलं एकही माझ्या हातात नाही.

माझ्या हातात ३८ माणसं आहेत. दिवाळी सहा आठवड्यांवर आली. दरवर्षी आम्ही १५ टक्के बोनस देतो, यंदा जमणार नाही. माणसं कमी करू, दिवस कमी करू की पगार कमी करू? आणि सगळ्यात अवघड म्हणजे हे सांगू कसं? आमचा सेटर, म्हणजे कामाप्रमाणे मशिनं लावून देणारा, अकरा वर्षं आहे. त्याने शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून बायोडेटा टाईप करून घेतल्याचं मला कळलं. तो गेला तर तीन मशिनं नुसती उभी राहतील.

---

वाळूजकर | १४ सप्टेंबर, रात्री ११:१५

वाचतोय. इकडेही तेच चाललंय. आमच्या गल्लीतल्या दोन शॉपनी रात्रपाळी पूर्ण बंद केली.

---

चाकणचा_जुना | १५ सप्टेंबर, सकाळी ८:०५

मी २००८ पाहिलंय. लेहमन १५ सप्टेंबरला बुडाली, बरोबर अकरा वर्षं झाली आज. दसऱ्यापर्यंत आमच्याकडे ओटी चालू होता, डिसेंबरात शेड्यूल शून्य. म्हणून अनुभवाचं सांगतो, कटू वाटलं तरी ऐका.

कपात करायची असेल तर एकदाच करा. मी तीनदा केली. नोव्हेंबरात सहा माणसं, जानेवारीत आठ, मार्चमध्ये पाच. दर वेळी वाटायचं, एवढ्यावर भागेल. जे राहिले ते जानेवारीपासून 'पुढचा नंबर कोणाचा' एवढंच बघत होते. आठ तास मशीनपुढे उभे राहायचे पण हात चालत नव्हता. मला १९ माणसांचा पगार वाचला असं वाटत होतं. उरलेल्या चाळिसांचं मन गेलं, ते त्या हिशेबात धरलंच नव्हतं.

आकडा नीट काढा. सहा महिने काम याहून वाढणार नाही असं धरा. तेवढ्या कामाला जेवढी माणसं लागतात तेवढी ठेवा, बाकीच्यांचा सगळा हिशेब एकाच दिवशी चुकता करा, आणि उरलेल्यांना सांगा की झालं, आता पुढे काही नाही. कर्जाचा हप्ता चुकला तर कारखानाच जाईल. मग ३८ जणांपैकी एकालाही काम राहणार नाही.

---

व्हीएमसी_ऑपरेटर | १५ सप्टेंबर, दुपारी २:३०

मालक लोकांच्या धाग्यात लिहितोय, चुकलं तर माफ करा. तळवड्याला एका शॉपमध्ये ऑपरेटर आहे.

टर्नर दादा, तुम्हाला वाटतंय पोरांना काही माहीत नाही. आम्हाला तुमच्या आधी कळतं. कच्च्या मालाची, लोखंडी बारची गाडी आठवड्याला दोनदा यायची ती एकदा यायला लागली की कळतं. डिस्पॅचच्या क्रेट रिकाम्या पडून राहतात, तेव्हा कळतं. चहावाला सकाळी किती कप घेऊन येतो त्यावरूनसुद्धा कळतं. काम कमी झालंय हे आम्ही बघतोच. तुम्ही काय ठरवलंय तेवढं कळत नाही, आणि सगळी भीती तिथेच असते.

आणखी एक सांगतो. काम कमी असलं की माणूस हळू काम करतो. तो आळस नसतो. चार तासांचं काम चार तासांत संपवलं तर साहेब म्हणणार, मग तुझी गरज काय? म्हणून आम्ही ते आठ तास ताणतो. गेल्या महिन्यात आमच्या सुपरवायझरने सांगितलं, 'पाळीचे नग झाले की हात धुवा, पूर्ण हजेरी लागेल, घरी जा.' दुसऱ्या दिवसापासून साडेपाच तासांत काम व्हायला लागलं. लाईटबिल वाचलं, रिजेक्शनही कमी झालं. त्याने बोलल्याप्रमाणे पूर्ण हजेरी लावली म्हणून हे झालं. एक दिवस जरी हाफ डे मांडला असता तर तिथेच संपलं असतं.

---

अनघा_एचआर | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

ऑपरेटर दादा, माफी कसली? इथे सगळ्यात उपयोगी प्रतिसाद तुमचा आहे.

मी पंधरा वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली आहेत. कायद्याचं थोडं स्पष्ट करते, कारण शब्दांची फार सरमिसळ होते. 'ले-ऑफ' म्हणजे काढून टाकणं नव्हे. काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं म्हणजे ले-ऑफ, त्यात नोकरी चालू राहते. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे ५० किंवा जास्त कामगार असतील आणि माणसाची वर्षभराची सलग नोकरी झाली असेल, तर ले-ऑफच्या दिवसांचा मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या निम्मा द्यावा लागतो. काढून टाकणं म्हणजे कपात. त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटी लागला तो आधी जाणार, आणि पुन्हा भरती कराल तेव्हा काढलेल्यांना आधी बोलवायचं. पाच वर्षं झालेल्यांची ग्रॅच्युइटी वेगळी. १०० किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची परवानगी लागते, तो प्रश्न तुम्हाला नाही.

आणि हे कृपा करून विसरू नका. पगार किंवा कामाचे तास बदलायचे असतील तर त्याच कायद्याच्या कलम ९-अ ची २१ दिवसांची नोटीस लागते. तोंडी सांगून मोकळं होऊ नका.

बोनस किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, तोटा असला तरी. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना तो कायद्याने मिळतो. तुमचे सेटर त्याच्या वर असतील तर त्यांना देणं तुमच्या इच्छेवर, पण यंदा नेमकं त्यांनाच वगळू नका.

---

भोसरीचा_टर्नर | १६ सप्टेंबर, सकाळी ७:२०

अनघाताई, आभार. आमच्याकडे ३८, म्हणजे ते निम्म्या पगाराचं कलम लागू होत नाही. समजा, मी काहीच न देता कोणाला बसवलं. पण असं बसवलेला माणूस शेड्यूल वाढल्यावर परत येईल का?

ऑपरेटर दादा, क्रेटचं वाचलं आणि खाली शॉपमध्ये जाऊन बघून आलो. भिंतीला लागून ओळीने रिकाम्या क्रेट. मी रोज त्यांच्या शेजारून जातो.

---

शिरोलीची_भट्टी | १६ सप्टेंबर, दुपारी ४:१०

कोल्हापूरहून. आमची फौंड्री शिरोलीत. गेला महिना पुरात गेला. आमच्यापैकी नऊ जणांच्या घरात पाणी होतं. त्यांना आम्ही पहिल्या आठवड्यात कामावर बोलावलंच नाही, उलट आमची माणसं त्यांच्या घरचा गाळ काढायला गेली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते त्यामुळे झालं म्हणून सांगतोय.

ऑटोचं कास्टिंग निम्म्यावर आलं होतं. पूर ओसरल्यावर आमचा जुना मोल्डर म्हणाला, 'मालक, गावोगावचं पंप पाण्यात गेल्यात. केसिंग, इम्पेलर कोण ओतून देणार?' मी त्या वाटेला कधी गेलो नव्हतो. ऑटोवाल्याला दहा-वीस नगांची ऑर्डर म्हणजे डोकेदुखी वाटते. पण त्याच्या मेव्हण्याचं पंप दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्याचा चुलता साखर कारखान्यात फिटर. तीन आठवड्यांत पोरांनीच ओळखीतून काम आणलं. एकूण धंद्याच्या मानाने थोडंच आहे, पण आठवड्यातला एक हीट (भट्टीचा एक ओत) त्यावर निघतो.

विचारल्याशिवाय हे झालं नसतं. 'काम नाही' हे मी कबूल केलं, म्हणून मोल्डर बोलला. नाहीतर मालकाला काय सल्ला द्यायचा म्हणून गप्प बसला असता.

---

रेखा_नाशिक | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

आम्ही अंबडला. मोकळ्या दिवसांत आम्ही शॉप रंगवून घेतलं, कूलंटच्या टाक्या साफ केल्या, गेज कॅलिब्रेशनला पाठवले. माणसं कामात राहिली, बरं वाटलं.

---

व्हीएमसी_ऑपरेटर | १६ सप्टेंबर, रात्री १०:२०

रेखाताई, राग मानू नका, पण रंगकामाबद्दल माझा वेगळा अनुभव आहे. आधीच्या ठिकाणी बारा वर्षांच्या सेटरच्या हातात ब्रश दिला आणि मालक केबिनमध्ये बसून राहिले. त्या माणसाने दुपारी डबा उघडला नाही. महिन्याने गेला. मशीनची साफसफाई, गेज, फिक्स्चर हे आमचं काम आहे, ते आम्ही आनंदाने करतो. भिंत रंगवायला दिली की माणसाला वाटतं, आपला हुन्नर संपला.

---

रेखा_नाशिक | १६ सप्टेंबर, रात्री १०:५५

दादा, राग नाही. आमच्याकडे माझे सासरे ७१ वर्षांचे, तेही शिडीवर चढले होते, म्हणून कोणाला वाईट वाटलं नसावं. पण तुम्ही म्हणता तसं मी कोणाला विचारलं नव्हतं, हे खरं. उद्या विचारते.

---

नेकरकाठी | १७ सप्टेंबर, रात्री १:३०

जर्मनीतून, श्टुटगार्टजवळ एका मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे. इथे 'कुर्त्सआर्बाइट' म्हणून पद्धत आहे, अर्थ अगदी साधा: कमी तास काम. काम कमी झालं की माणूस न काढता तास कमी करायचे, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग सरकारी विमा निधीतून मिळतो, मुलं असतील तर ६७ टक्के. २००९ मध्ये ऐन मंदीत जवळपास १५ लाख लोक यावर होते. मी तेव्हा नवीन होतो. आठवड्यातून तीन दिवस कामावर आणि दोन दिवस कंपनीतच प्रशिक्षण. २०१० मध्ये ऑर्डरी परत आल्या तेव्हा सगळे जागेवर होते, त्यामुळे एका दिवसात पूर्ण पाळी सुरू झाली.

टोयोटानेही २००८ मध्ये अमेरिकेत टेक्सास आणि इंडियाना इथे तीन महिने उत्पादन थांबवलं, तेव्हा कायम कामगार काढले नाहीत, शिकवत बसवले.

---

चाकणचा_जुना | १७ सप्टेंबर, सकाळी ८:३०

साहेब, ते जर्मन सरकार आणि ती टोयोटा. भोसरीतल्या भागीदारी फर्मला साठ टक्के कोण देणार? ३८ लाखांचं येणं ९० दिवस अडकलंय, ते आधी आणा म्हणावं. कायदा ४५ दिवस सांगतो, पण तक्रार केली तर पुढचं शेड्यूल बंद.

---

अनघा_एचआर | १७ सप्टेंबर, दुपारी १२:१५

जुने, अगदी शून्य नाही. जुलैपासून ईएसआयचा (कामगार विम्याचा) मालकाचा हिस्सा ४.७५ वरून ३.२५ टक्के झालाय आणि कामगाराचा १.७५ वरून ०.७५. सतरा हजारांच्या पगारामागे तुमचे महिन्याला २५५ रुपये वाचतात, त्याचे १७०. थोडेच आहेत, पण आहेत. आणि नोकरी गेलीच तर ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी कमाईच्या २५ टक्के भत्ता ९० दिवसांपर्यंत मिळू शकतो, वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील तर. माणसाला काढताना हा अर्ज आपणच भरून दिला पाहिजे. बहुतेकांना या योजनेचं नावही माहीत नसतं.

---

पिंपळे_गुरव | २० सप्टेंबर, संध्याकाळी ५:००

आजची बातमी बघितली का? कॉर्पोरेट टॅक्स २२ टक्क्यांवर आणला! शेअर बाजार कुठल्या कुठे. दिवाळी आली की!

---

भोसरीचा_टर्नर | २० सप्टेंबर, रात्री ९:३०

दादा, तो दर कंपन्यांसाठी आहे, आमची भागीदारी. आणि मुळात नफ्यावरचा कर कमी झाला तर नफा हवा ना आधी. तरी गिऱ्हाईकाच्या हातात पैसा खेळला तर आमच्यापर्यंत पोचेल, एवढी आशा ठेवतो.

---

गिरणगावची_लेक | २१ सप्टेंबर, दुपारी ३:२०

विषय थोडा बाजूला जाईल, पण राहवत नाही.

माझे वडील लालबागला कापड गिरणीत साच्यावर (मागावर) होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, तेव्हा मी चौथीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्यात. संप योग्य की अयोग्य यावर आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत, तो वाद इथे नको. मला सांगायचंय ते वेगळं. तो संप मागे घेतला असं कोणी जाहीर केलंच नाही. काही गिरण्या हळूहळू चालू झाल्या, काही कधीच नाही. 'तुमची गिरणी आता उघडणार नाही' एवढं एक वाक्य वडिलांना कोणी सांगितलं नाही. मालकाने नाही, पुढाऱ्याने नाही, सरकारने नाही.

आईने खानावळ काढली, दहा जणांचे डबे. वडील चार वर्षं दुसरं कायमचं काम धरायला तयार नव्हते, कारण भोंगा झाला आणि आपण नसलो तर? बदलीवाला आपल्या साच्यावर बसेल. गावी जमीन होती, थोरले काका बोलवत होते. गेले नाहीत. कोणीतरी ८३ सालात खरं सांगितलं असतं तर आमच्या घराची ती तीन वर्षं वाचली असती.

टर्नर दादा, ज्यांना ठेवणार त्यांना सांगालच. ज्यांना ठेवणार नाही त्यांना आधी सांगा.

---

वाळूजकर | २१ सप्टेंबर, दुपारी ३:५०

ताई, काय बोलू. माझे मामा भायखळ्याला होते.

---

साधा_कामगार | २१ सप्टेंबर, रात्री ८:१०

एवढे प्रतिसाद झाले, त्या १४ ठेकेदाराच्या पोरांबद्दल एक ओळ नाही. जुने म्हणतात माणसं कमी करा, ताई कायम कामगारांचा कायदा सांगतात, पण सगळ्यांना माहीत आहे की आधी तीच जाणार, नोटीस नाही, काही नाही, ठेकेदाराला एक फोन. ती पोरं लातूर-बीडकडची, नाहीतर बिहारची. मोशीला एका खोलीत सहा जण, मेसचे पैसे आगाऊ भरलेले. त्यांना काढाल तर निदान महिन्याचा पगार हातात द्या. आणि ठेकेदाराने पीएफ खरंच भरलाय का ते आत्ता तपासा. त्याने भरला नसेल तर ती जबाबदारी तुमच्यावर येते.

---

अनघा_एचआर | २१ सप्टेंबर, रात्री ८:४०

साधा_कामगार, बरोबर बोललात. माझ्याकडून राहून गेलं. पीएफचं तर शंभर टक्के खरं. प्रत्येक मुलाला स्वतःच्या मोबाईलवर पासबुक उघडून दाखवायला सांगा.

---

चाकणचा_जुना | २२ सप्टेंबर, सकाळी ७:५०

आता सगळे म्हणतील, खरं सांगा, सगळं सांगा. सांगा, पण एक काळजी घ्या. वचन देऊ नका.

२००८ च्या दिवाळीत मी भरल्या शॉपमध्ये म्हणालो होतो, 'एकालाही काढणार नाही.' मनापासून म्हणालो होतो. पुढचं वर सांगितलंच आहे. त्यातला एक माणूस मागच्या वर्षी चाकणच्या बाजारात दिसला. दहा वर्षांनी. मी हाक मारली, त्याने बघितलं आणि पुढे गेला. काढलं याचा राग नव्हता त्याला. मी शब्द दिला होता.

आणि आकडे किती दाखवायचे याचाही विचार करा. गिऱ्हाईकाच्या कानावर गेलं की तुम्ही अडचणीत आहात, तर तो पुढच्या रेटला दोन रुपये कमी सांगणार.

---

व्हीएमसी_ऑपरेटर | २२ सप्टेंबर, सकाळी ९:१५

काका, शब्द तारखेपुरता द्यावा. 'कधीच काढणार नाही' यावर आमचाही विश्वास बसत नाही. 'अमुक तारखेपर्यंत नाही' यावर बसतो. माझा पतपेढीचा हप्ता आहे, मुलीची फी आहे. तीन महिने नक्की आहेत एवढं कळलं तरी मी तेवढ्यात सोय लावतो. नुसतं 'काळजी करू नका' म्हटलं की जास्त काळजी लागते.

---

भोसरीचा_टर्नर | २७ सप्टेंबर, रात्री ११:१०

मंडळी, बुधवारी २५ तारखेला पहिली पाळी सुटताना सगळ्यांना थांबवलं. ठेकेदाराच्या पोरांनाही. सविस्तर लिहितो, कारण यातलं बरंचसं तुमच्याकडूनच मिळालं.

भाऊ तयार नव्हता. त्याचं म्हणणं जुन्या काकांसारखंच, आकडे बाहेर जातील. शेवटी रेट आणि गिऱ्हाईकाची नावं सोडून बाकी सगळं फळ्यावर लिहिलं. बारा महिन्यांचं शेड्यूल, पगार, हप्ता, अडकलेलं येणं. लिहिताना हात थरथरत होता. ६० हजारांपासून २६ हजारांपर्यंत खाली येताना कोणी हललं नाही. हप्त्याचा आकडा लिहिला तेव्हा मागून एक हेल्पर म्हणाला, 'एवढा?' त्यांना वाटायचं मशिनं आमची आहेत. ती बँकेची आहेत हे कोणाला माहीतच नव्हतं.

मग काय ठरवलंय ते सांगितलं. ३१ डिसेंबरपर्यंत कायम २४ पैकी एकालाही काढणार नाही. पुढचं १५ डिसेंबरला याच फळ्यापुढे उभं राहून सांगेन. तोवर आठवड्याला सहाऐवजी पाच दिवस काम. १८ हजारांच्या आत पगार असलेल्यांचा पगार तसाच राहील, वरच्यांचा दहा टक्के कमी. आम्ही दोघे भाऊ डिसेंबरपर्यंत काही उचलणार नाही. बोनस ८.३३ टक्के, सगळ्यांना, सेटरसकट. १५ टक्के जमणार नाही. ठेकेदाराच्या १४ पैकी सहा राहतील, आठ जणांना ऑक्टोबर अखेर थांबावं लागेल. त्यांना एक महिन्याचा पगार आम्ही देऊ. नावं तिथे घेतली नाहीत, आठही जणांना आधी एकेकाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. गिरणगावच्या ताई, तो अर्धा तास फार जड गेला. एक पोरगा म्हणाला, 'बरं झालं सांगितलंत, मी दिवाळीचं परतीचं तिकीट काढणार होतो.'

अनघाताई, ९-अ ची नोटीस त्याच दिवशी लावली आणि सगळ्यांच्या सह्यांचं पत्रही घेतलं. पीएफ तपासला. ठेकेदाराने तीन जणांचा दोन महिन्यांचा भरला नव्हता. आता भरलाय.

मी सुट्टीचा जादा दिवस सोमवार धरला होता. विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. बराच वेळ शांतता. मग आमचा सेटर म्हणाला, 'दिवस कमी करायचाच तर बुधवार करा. बुधवार-गुरुवार जोडून मिळाले तर खेड-जुन्नरची निम्मी पोरं शेतावर जातील. सोयाबीन काढायला मजूर मिळत नाही, तिथं दोन दिवसांचा पैसा सुटतो.' माझ्या डोक्यात हे शंभर वर्षांत आलं नसतं. दुसरा म्हणाला, बोनस कमी द्या पण दहा दिवस आधी द्या, खरेदी स्वस्तात होते. दोन्ही लगेच मान्य केलं.

बायोडेटाचं मी विचारलं नाही. काल तोच म्हणाला, 'साहेब, दोन ठिकाणी बोलून ठेवलंय. डिसेंबरच्या फळ्यापर्यंत कुठे जात नाही.' मला एवढं पुरे आहे.

---

शिरोलीची_भट्टी | २८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

सोयाबीनचं वाचून डोळे भरून आले. आमचा मोल्डर आणि तुमचा सेटर एकाच मातीचे.

---

चाकणचा_जुना | २८ सप्टेंबर, सकाळी ८:१५

आठ माणसं एकदम आणि एकाच वेळी सांगितली, हे चांगलं केलंत. पगारकपातीवर माझं मत अजून वेगळं आहे. दहा टक्के सगळ्यात चांगल्या माणसांचेच गेले, आणि त्यांनाच बाहेर मागणी आहे. डिसेंबरात हे पुन्हा बघा. पण मी तुमच्या जागी असतो तर मला फळ्यासमोर उभं राहणं जमलं नसतं. २००८ ला जमलं नव्हतं.

---

व्हीएमसी_ऑपरेटर | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:००

सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा. काल खंडेनवमीला आमच्या मालकांना हा धागा मोबाईलवर वाचायला दिला. पूर्ण वाचला. काही बोलले नाहीत, पण शनिवारी सगळ्यांना बोलावलंय.

---

रेखा_नाशिक | ८ ऑक्टोबर, दुपारी १:४०

मी विचारलं होतं. दोघं म्हणाले, रंगवायला आवडलं. एक म्हणाला, त्यापेक्षा मला सीएनसीचं प्रोग्रामिंग शिकवा. बुधवारपासून शिकतोय, आमच्या प्रोग्रामरच्या शेजारी खुर्ची टाकून.

---

भोसरीचा_टर्नर | ३१ ऑक्टोबर, रात्री ९:००

दिवाळी झाली. बोनस १५ तारखेलाच दिला. पहिल्या बुधवारच्या सुट्टीला अकरा जण गावी गेले. एकाने येताना आमच्या घरी दोन किलो तांदूळ आणला.

नोव्हेंबरचं शेड्यूल आलं, २७ हजार. म्हणजे सुधारणा नाही. 'पाळीचे नग झाले की घरी' हे मात्र चालू केलं, आणि सप्टेंबरच्या मानाने विजेचं बिल खरंच उतरलंय.

एक विचारायचंय. आजपासून थांबलेल्या आठ पोरांची नावं, फोन आणि कोणतं मशीन येतं याची यादी करून ठेवली आहे. काम वाढलं की आधी यांनाच बोलावणार, हे त्यांना सांगितलंय. ठेकेदार म्हणतो, यादी मला द्या, मी बघतो. द्यावी का?

---

साधा_कामगार | ३१ ऑक्टोबर, रात्री ९:२५

त्याला देऊ नका. तुमच्या नोटीस बोर्डवर लावा, फोन नंबर सोडून.

---

अनघा_एचआर | ३१ ऑक्टोबर, रात्री ९:३५

आणि खाली आजची तारीख आणि दोघा भावांच्या सह्या.